मी रचलेले अर्थ

इंग्रजीत नापास होणं ही आमच्या गावात लाजेची गोष्ट नव्हती, कारण इंग्रजीत पास झालेलं गावात कुणी नव्हतंच. मॅट्रिकच्या निकालात माझा नंबर सापडला नाही, तेव्हा आईने विचारलं, "कशात गेलास?" मी म्हटलं, "इंग्रजीत." तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे. मला वाटलं आपल्यातल्या कशात गेलास." आबांनी मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या हातात फावडं दिलं. गावाच्या शिवेला तेव्हा औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि आबांची बैलगाडी पवनेच्या पात्रातली वाळू तिथे नेऊन टाकत होती. मी तीन दिवस वाळू भरली. चौथ्या दिवशी हाताचे फोड दाखवून मी जाहीर केलं, की मला पुन्हा परीक्षेला बसायचं आहे आणि इंग्रजीची शिकवणी लावायची आहे. विद्येची ओढ म्हणतात ती मला अशी फावड्याच्या दांड्याने लागली. आबा तयार नव्हते. अक्का चुलीपुढून म्हणाली, "जाऊ द्या की त्येला. न्हाई तरी त्येची पाटी निम्मी रिकामीच असती." तिच्या शब्दावर मी सुटलो.

अक्का माझी थोरली बहीण, हौसा. तिला महाळुंग्याला दिली होती आणि आदल्या दिवाळीच्या आधी ती एकटीच, चाकणच्या बाजारच्या गाडीत बसून, परत आली होती. का आली ते तिने सांगितलं नाही आणि आमच्या घरात कुणी विचारलं नाही. तेव्हाची रीत तशी होती; न विचारणं हीच माया समजत. मला जे कळलं ते तिच्या जेवण्यावरून. लग्नाआधी अक्का भाकरीचा एकेक घास मोडून, कालवणात बुडवून, गप्पा मारत जेवायची. आता तिचं ताट पाहता पाहता संपायचं. हुलग्याचं कढत माडगं ती फुंकर न घालता पिऊन टाकायची आणि आई दुसरी भाकरी वाढायला वळेपर्यंत उठून उभी राहिलेली असायची. एकदा आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "हितं कोन न्हाई गं तुला उठवायला." अक्का बसली, पण ताटाच्या कडेला धरलेला हात तिने सोडला नाही.

घर आमचं नदीकडच्या अंगाला. दिवसभर गाडीच्या आखांची करकर, पलीकडे कारखान्याच्या जागेवर खडी फोडणाऱ्या यंत्राचा खडखडाट आणि मधूनच रेल्वेची शिटी. त्या खडखडाटाची आम्हाला इतकी सवय झाली होती, की जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबलं की आई घाबरून बाहेर यायची. आज तिथून मेट्रो जाते आणि माझी नात वाकडच्या बाराव्या मजल्यावर बसून दिवसभर कानाला यंत्र लावून कुणाचं तरी 'फॉलो अप' करत असते. ती ते शब्द पाणी प्यावं तसे वापरते. मी ऐकतो आणि गप्प बसतो. माझ्या गप्प बसण्यामागे काय आहे ते तिला ठाऊक नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

शिकवणी सामंत मास्तरांची. खडकीच्या लष्करी कोठारात ते कारकून होते. गोऱ्या साहेबांच्या हाताखाली उमेदीची वर्षं गेली, साहेब गेले आणि मास्तर त्यांची भाषा घेऊन मागे राहिले. मूळचे कोकणातले. चिंचवड स्टेशनाजवळ लाकडाच्या वखारीवरच्या खोलीत एकटेच राहत आणि संध्याकाळी गाडीतून उतरले की आम्हा सात-आठ जणांना शिकवत. त्यांत एक फिटर होता, एक पोस्टातला शिपाई आणि बाकीचे माझ्यासारखे मॅट्रिकच्या उंबऱ्यावर आपटलेले. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मोठ्या शब्दांना घाबरू नका रे. मोठे शब्द सभ्य असतात, डिक्शनरीत दिलेल्या पत्त्यावर सापडतात. घाबरायचं ते ह्या बारक्यांना. गिव्ह, पुट, टेक, रन. एकटे असताना गरीब गाईसारखे. ह्यांचं लग्न झालं की संपलं."

पुस्तकात त्यांना 'फ्रेजल व्हर्ब' असं भारदस्त नाव होतं. मास्तर त्यांना जोडपी म्हणत. "ही गिव्ह," ते फळ्यावर लिहीत, "माहेरी हिचा अर्थ देणं. साधी, गुणी पोर. हिला अपच्या घरी दिली. नवऱ्याने ताटातल्या तांदळात बोटाने नवं नाव लिहिलं. झाली ती सोडून देणं. हीच इनच्या घरी दिली असती तर हार मानणं झाली असती. आता माहेरच्या नावाने हाक मारशील तर ओ देणार नाही ती. आणि नवं नाव काय ठेवलं ते घरात बसून कळत नाही, मेल्यांनो. सासरी जाऊन विचारावं लागतं." मी सगळं उतरवून घेतलं, शेवटचं वाक्य सोडून. मला वाटलं, ते नुसतं बोलण्याच्या ओघात आलं. मास्तरांची आणखी एक खोड होती. एखाद्या जोडप्याचा अर्थ त्यांना आठवला नाही तर ते सरळ म्हणत, "हे मला ठाऊक नाही, उद्या बघून सांगतो." आम्ही मागच्या बाकावर एकमेकांना कोपराने ढोसायचो. फी घेऊन वर ठाऊक नाही म्हणणारा मास्तर आम्ही प्रथमच पाहत होतो.

घरी आल्यावर मी जे शिकलो ते अक्काला शिकवायचो. सातवीला ती केंद्रात पहिली आलेली. इंग्रजी अक्षरं माझ्या जुन्या प्राइमरवरून तिने महिन्याभरात उचलली. सिमेंटच्या पोत्याचा कागद घालून तिने वही शिवली होती. ती भाकऱ्या थापायची, मी पाटावर बसून मास्तरांच्या आवाजात बोलायचो, आणि हात धुऊन झाले की ती ऐकलेलं सगळं न चुकता वहीत लिहायची. जोडप्यांची आणि तांदळातल्या नावाची गोष्ट मी तिला मोठ्या रंगात येऊन सांगितली. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "आन परत आलेलीचं नाव काय ठेवत्यात रं?"

मी म्हटलं, "असली जोडपी परीक्षेला येत न्हाईत."

ती हसली. मला तेव्हा वाटलं, की मी वेळ मारून नेली.

पावसाळ्याच्या तोंडाला आबा एक बातमी घेऊन आले. कारखान्याच्या कारकुनाने त्यांना सांगितलं होतं, की औषधाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायला पोरी घेणार आहेत, इंग्रजी वाचता-समजता आलं पाहिजे, दसऱ्यानंतर परीक्षा. आबा ओट्यावर पाय धूत होते. तिथूनच म्हणाले, "हौसाला जमंल का रं, दत्तू?"

"पोरीच्या जातीनं कंपनीत जायाचं?" आई म्हणाली.

"चिठ्ठ्यांचं काम बसून हाय. सावलीत. लिखापढीचं." आबांनी तांब्या पालथा घातला. "त्ये लागलं तर ऱ्हाऊ दे तिला हितं. न्हाई लागलं तर दिवाळीच्या आत म्हाळुंग्याला धाडायची. मी तिकडं शब्द दिलाय."

अक्का आत होती. त्या दिवसापासून ती माझी वाट गावाबाहेरच्या वळणापर्यंत येऊन पाहू लागली. अर्ज मी लिहिला. नावाच्या रकान्याशी थांबलो, कारण सासरी तिचं नाव विमल ठेवलेलं. "हौसा लिही," ती म्हणाली. "आडनाव?" ती म्हणाली, "आपलं."

इथवर मी बरा वागलो. पुढचं सांगायला मला नेहमी जड जातं.

पावसाळा भरात असताना मास्तरांना विषमज्वर झाला. अंगावर काढून पाहिला आणि मग ते कोकणात भावाकडे गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी फळा भरून जोडपी लिहिली. "ही नुसती नावं. उतरवून घ्या, वाचत राहा. अर्थ मी आल्यावर सांगेन." आम्ही उतरवून घेतली. मी घरी यायला निघालो आणि वाटेत माझ्या लक्षात आलं, की शिकवणी बंद झाल्याचं आबांना कळलं तर उद्या सकाळी फावडं माझ्या हातात असेल. वळणावर अक्का उभी होतीच. "आज काय शिकवलं?" तिने विचारलं. मी कागद उघडला, पहिलं नाव वाचलं, कॉल ऑफ. कॉल म्हणजे हाक मारणं. ऑफ म्हणजे लांबचं घर. "लांबून हाक मारणं," मी म्हटलं. ती तोंडातल्या तोंडात घोकत माझ्यापुढे चालू लागली.

एवढं सोपं होतं ते. दुसऱ्या दिवसापासून मी नेमाने शिकवणीला निघायचो, स्टेशनाच्या फलाटावर बाकावर बसायचो, फुटाणे खायचो आणि सासर पाहून पोरीचं नाव ठेवायचो. टर्न डाउन, उतारावर गाडी वळवणं. रन आउट, घराबाहेर पळणं. कॅरी ऑन, अंगावर वाहून नेणं. पुट अप विथ हे तर तिघांचं कुटुंब. त्याचा मी पाहुण्याला माडीवर सोबत ठेवून घेणं असा अर्थ लावला आणि स्वतःवर खूश होऊन आणखी एक पुडी फुटाणे घेतले. फावड्याच्या भीतीने सुरू झालेलं हे काम पुढे नुसत्या भीतीचं राहिलं नाही, हेही कबूल केलं पाहिजे. जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं कुणीतरी लिहून घेत होतं. मला 'ठाऊक नाही' म्हणायचं नव्हतं. मास्तर म्हणत, पण मास्तरांना इंग्रजी येत होतं. त्यांना ते परवडायचं.

अक्का प्रत्येक जोडप्याचं आपल्या घरातलं एक वाक्य करायची, कारण मास्तरांचा तसा नेम होता. "आबा उतारावर बैल टर्न डाउन करतात." "आई नदीवरून कॉल ऑफ करते." ती वाक्यं इतकी घरची असायची, की मलाही ती खरी वाटू लागली. एकदा ती म्हणाली, "म्हाळुंग्याहून निघाले तवा मी रन आउट झाले." आणि वही मिटून गोठ्यात गेली. तिच्या तोंडून सासरबद्दल निघालेलं तेवढं एकच वाक्य, आणि तेही मी रचलेल्या अर्थातलं.

मास्तर परतले ते कंपनीच्या परीक्षेला तीन दिवस उरले असताना. निम्मे झाले होते, कॉलर गळ्याभोवती सैल पडलेली. मला पाहून त्यांना बरं वाटलं. "पाठ केलीस का रे जोडपी?" मी मोठ्या उत्साहाने अर्थांसकट म्हणायला लागलो. त्यांनी चार-पाच ऐकून घेतली. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. "कॉल ऑफ म्हणजे ठरलेलं रद्द करणं," ते हळूहळू म्हणाले. "टर्न डाउन म्हणजे नाकारणं. रन आउट म्हणजे संपणं. हे तू कुणाला शिकवलंस?" मी विचारलं, शिकवलंस असं का म्हणता. "एकटा माणूस स्वतःशी इतकं मन लावून खोटं बोलत नाही," मास्तर म्हणाले. मग त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या मला एकेक खरा अर्थ सांगितला आणि मी लिहून घेतला. एकसष्ट होती. त्यांतली नऊ योगायोगाने बरोबर निघाली.

रुळांच्या कडेने घरी येताना मी ठरवलं, की पोचल्या पोचल्या सांगायचं. पोचलो तर आबा ओट्यावर बसले होते आणि अक्का त्यांच्या समोर, वही मांडीवर. आबांनी आजवर तिच्या अभ्यासाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "म्हन की गं एखादं."

"कॉल ऑफ," अक्का म्हणाली, "लांबून हाक मारनं."

आबांनी मान डोलवली. ज्या अर्थी त्यांना ते पटलं त्या अर्थी इंग्रजी काही अगदीच अवघड नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बरूबर का रं, दत्तू?"

मी म्हटलं, "बरूबर."

फलाटावर बसून अर्थ रचले तेव्हा मी आळशी होतो, चढून गेलेला होतो, वय सतराचं होतं. ह्या सगळ्याची माफी मी स्वतःला पुढे हप्त्याहप्त्याने दिली. त्या एका 'बरूबर'ची अजून देता आलेली नाही. त्या दिवशी मी वांग्याचं भरीत आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. घास अडकला वगैरे काही झालं नाही.

सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. अक्का परसात बाजरी पाखडत होती. मी सुपाकडे बघत म्हटलं, "अक्का, ती जोडपी."

"कंची?"

"मास्तर गावी गेल्यानंतरची. ती मास्तरांची न्हाईत. माझी हायती."

सूप थांबलं. "किती?"

"समदी न्हाईत."

"किती, दत्तू?"

"बावन्न."

तिने सूप खाली ठेवलं, घरात जाऊन वही आणली आणि माझ्या हातात दिली. "खरी लिही. शेजारी शेजारी." मी लिहू लागलो, ती उभ्याने वाचत होती. पुट अप विथच्या पुढचा माडीवरचा पाहुणा मी खोडला आणि लिहिलं, सहन करणं. तिने ते एकदा वाचलं. "हे आधी खरं सांगितलं असतंस तर पाठ करावं लागलं नसतं मला," ती म्हणाली. मला ती रागे भरली असती तर बरं झालं असतं. ती दिवसभर घोकत राहिली, चुलीशी, नदीवर, गोठ्यात. तिन्हीसांजेला दिवा लावताना तिने वही बंद केली. "आता दोन्ही येत्यात मला," ती म्हणाली. "खरं कंचं आन तुझं कंचं, त्येच कळंना झालंय."

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेलो. पुण्याहून आलेल्या पाचवारी साड्यांतल्या मॅट्रिक पोरी फाटकापाशी घोळक्याने उभ्या होत्या. अक्का नऊवारीत, बाजूला. मी कुंपणाच्या तारेशी थांबलो. ती फार लवकर बाहेर आली. काय झालं ते तिने वाटेत सांगितलं. पांढऱ्या डगल्यातल्या बाईंनी आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचायला दिली, ती हिने घडाघड वाचली. बाई खूश झाल्या. मग कामाच्या सूचनांचा कागद पुढे ठेवला आणि एकेका ओळीचा अर्थ मराठीत सांगायला सांगितला.

"पयलंच व्हतं, टोपी पुट ऑन करा."

"त्ये तर येतं तुला. पयल्या महिन्यातलं हाय. खुद्द मास्तरांचं."

"येतं," अक्का म्हणाली. "पन त्या येळंला वाटलं, हे मास्तरचं का दत्तूचं? औषधाची बाटली हाय, उगा चुकीचं कशाला सांगायचं. म्हनलं, ठाऊक न्हाई." मग म्हणाली, "मंग फुडची बी समदी ठाऊक न्हाईत म्हनलं."

आठ दिवसांनी यादी लागली. चिठ्ठ्यांच्या खात्यात तिचं नाव नव्हतं. खाली, बाटल्या धुण्याच्या खात्यात होतं. वाचून दाखवल्यावर आबा बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "बाटल्या धुवायला? भांडी काय घरात कमी हायती?" ते म्हणाले. "मी चिठ्ठ्यांचं म्हनलं हुतं. शब्द शब्द हाय." महाळुंग्याला निरोप गेला.

धाकटा दीर आला तो चाकणच्या बाजारातला अर्धं पोतं कांदा घेऊन. नवरा आला नव्हता. दीर चांगला मुलगा होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याला काही ठाऊक असावं असं त्याच्या बसण्यावरून वाटत होतं, सारखा टोपी काढायचा आणि घालायचा. "वैनींना न्यायला आलोय," तो म्हणाला. "आईनं सांगितलंय, झालं गेलं इसरून जाऊ." आईने पिठलं-भाकरी केली. आम्ही तिघे पुरुष जेवायला बसलो. आतल्या खोलीत अक्का गाठोडं बांधत होती. दारातून दिसत होतं. तिने दोन लुगडी ठेवली, फणी ठेवली. वही हातात घेतली, आणि पुन्हा फळीवर ठेवून दिली.

"आबा," मी म्हटलं, "चिठ्ठ्यांचं काम तिला लागलं असतं."

"जेव गुमान."

"तिला येत हुतं समदं. मीच खोटं शिकवलं. मास्तर गावी गेलते. मी मनानंच अर्थ सांगितले."

आबांचा हात ताटात थांबला. "कवापास्नं?"

"श्रावणापास्नं."

"आन मी ओट्यावर इचारलं तवा बरूबर म्हनलास."

"व्हय."

मी थोबाडीत खायच्या तयारीने गाल आवळून बसलो. आबांनी हात धुतला, धोतराला पुसला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. दिराला म्हणाले, "पावनं, जेवून घ्या पोटभर. आन जाताना कांदं माघारी घेऊन जावा."

"का? काय झालं?"

"मी शब्द दिलता त्यो पोरीच्या इद्येवर. इद्या खोटी निगाली, ती आमच्या घरची. तिनं तर दिलं ते समदं शिकून दावलं. जिथं तिची चूक न्हाई तिथं तिनं का जावं?"

"आन लोकांस्नी काय सांगू?" दिराने विचारलं.

"सांगा, सोयऱ्याचं पोरगं लबाड हाय."

दिराने निरोप चोख पोचवला. पुढे तीन-चार वर्षांनी चाकणच्या बाजूला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मुलीच्या चुलत्याने चहाची बशी पुढे करत विचारलं, "म्हंजी लबाड म्हनत्यात त्यो तुमीच का?" ते लग्न जमलं नाही. दुसरं जमलं.

अक्का राहिली. यादीतल्या त्या खालच्या जागेलाही आबांनी आता हरकत घेतली नाही. दिवसभर गरम पाण्यात हात घालून तिने काही वर्षं बाटल्या धुतल्या. बोटांची कातडी संध्याकाळी पांढरी, सुरकुतलेली असायची आणि ती भाकरी थापताना मी त्या बोटांकडे बघायचं टाळायचो. रविवारी ती स्वतः वखारीवरच्या खोलीत सामंत मास्तरांकडे जाऊन बसू लागली. चिठ्ठ्यांच्या खात्यात तिला घेतलं, पण ते फार पुढे, माझ्या थोरल्याच्या जन्मानंतर. ती आता नाही. मला ती शेवटपर्यंत माया करत आली, माझ्या पोरांची न्हाणी-धुणी तिने केली. इंग्रजीतलं काही मात्र तिने मला पुन्हा विचारलं नाही. त्याची सुरुवात तिच्या कामाच्या पहिल्याच दिवशी झाली.

आबांची शिक्षा सुटसुटीत होती. "रोज सकाळी तिला कंपनीपातूर सोडायचं. मंग वाळूवर यायचं." पहिल्या दिवशी मी तिचा भाकरीचा डबा घेऊन दोन पावलं मागून चालत होतो. अक्काने नवं लुगडं नेसलं होतं. कारखान्याच्या फाटकाच्या आत नुकतीच हिरवळ लावली होती आणि तिच्या मधोमध इंग्रजी पाटी ठोकली होती. अक्का थांबली. ओठ हलवत तिने पाटी वाचली, कीप ऑफ द ग्रास. मी एक पाऊल पुढे आलो. ती फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे वळली. पलटणीतून आलेला म्हातारा होता, छातीवर पट्ट्या लावलेला.

"मामा, कीप ऑफ म्हंजी काय हो?"

"लांब ऱ्हावा. गवतावर पाय द्यायचा न्हाई."

"तुमास्नी कुनी सांगितलं?"

म्हाताऱ्याला प्रश्नाची गंमत वाटली. "गोऱ्या सायबानं, पोरी. कवायतीच्या मैदानावर. चांगलं आरडून."

अक्काने ते दोनदा घोकलं, मागे हात करून माझ्याकडून डबा घेतला आणि हिरवळीला वळसा घालून आत गेली. ते जोडपं मला येत होतं. अगदी खरं येत होतं, मास्तरांचं. मी तोंड उघडलं नाही.